मसुराएवढी कातडी

गेल्या मार्चात त्यांनी माझ्या दंडातून
मसुराएवढी कातडी काढून घेतली.
दोन टाके, वर पट्टी, कॅन्टीनचं एक कुपन.
मी रात्रीच्या गाडीनं किरुनाला परत आले
आणि ती उमेओत राहिली,
सदतीस अंशांच्या अंधाऱ्या कपाटात, गुलाबी पाण्यात.

आज बघायला आलेय.
वसतिगृहातल्या लेकराला भेटायला यावं तशी,
काय न्यावं ते न कळून
दालचिनीचे पाव घेऊन.

दिलोवान म्हणतो, हात लावायचा नाही.
त्यानं पेशींत काजव्याचा एक जनुक बसवलाय:
घड्याळ चाललं की त्या उजळतात,
इतक्या मंद की डोळ्याला कळू नये. यंत्र मोजतं.
मी काजवा कधी पाहिला नाही.
आमच्याकडे इतक्या वर तो येत नाही.

पडद्यावर एक रेघ. चढते, उतरते, चढते.
"या तुम्ही," तो म्हणतो.
चोवीस तास, अठरा मिनिटं.

मग एका प्रथिनाची गोष्ट सांगतो.
ते दिवसभर तयार होत राहतं,
साठतं, जोडीदार गाठतं,
रात्री केंद्रकात शिरतं
आणि ज्या हुकमानं आपण जन्मलो
तोच हुकूम दाबून धरतं.
पुढे झिजतं, विरतं. पकड सुटते.
हुकूम पुन्हा निघतो.
काटा नाही, लंबक नाही. एवढंच.

आमच्या गावाला सुरुंगाचं घड्याळ आहे.
रात्री दीडला खाणीत बार उडतात,
कपाटातल्या बश्या किणकिणतात, माणसं कूस बदलतात.
मी तेव्हा तेराशे मीटर खाली, तीन पडद्यांसमोर.
तीनला डबा गरम करते: बटाटे, मांसाचे गोळे.
डिसेंबरात खाली अंधार, वर आले तरी अंधार.
एकोणीस वर्षं.
मेंदू म्हणतो रात्र झाली,
यकृत म्हणतं ताट वाढलंय.
या दोघांच्या ओढाताणीत साखर वाढली
असं डॉक्टरीण म्हणाली नाही.
ती म्हणाली, वजन कमी करा.

दिलोवानकडे माझ्या आणखी बश्या आहेत.
त्यांत तो पेरॉक्साइडचा थेंब टाकतो,
माप तेच, वेळ वेगवेगळी.
एका वेळी पेशी सावध असतात,
गंज पुसणारी प्रथिनं हाताशी,
तुटल्या धाग्याला टाका घालणारी जागी.
बारा तासांनी तोच थेंब,
आणि सकाळी बशीत
मेलेल्यांची साय.
विष तेवढंच होतं. पहाऱ्यावर कोण होतं, एवढाच फरक.

माझी वाईट वेळ कोणती, मी विचारलं नाही.
त्यानंही रेघ पुढे सरकवली.
सहाव्या दिवशी चढ बुटका.
आठव्या दिवशी जवळजवळ सपाट.
"मेल्या?"
"छे. एकेक वेगळी पाहिली तर ठणठणीत.
फक्त एकमेकींशी वेळ जुळत नाही आता.
एकीची पहाट, दुसरीची दुपार.
बेरीज केली की सपाट दिसतं."

यल्मार पहाटे तीनला बर्फ काढायच्या गाडीवर जातो.
मी सहाला घरी येते. सिंकमध्ये त्याचा कप,
तळाशी कॉफीचा सुकलेला चंद्र.
दोघंही वक्तशीर. एक दिवस उशीर नाही.
भांडण म्हणाल तर
तेवढा वेळ कधी एकत्र मिळालाच नाही.

"मग यांचं काय करता?"
"पाणी बदलतो.
जुनं ओतून द्यायचं, कोमट ताजं घालायचं.
त्या धक्क्यानं सगळ्या एकदम शून्यावर येतात,
एकत्र निघतात."
"आणि किती दिवस टिकतं?"
"सात. कधी आठ."

पाव त्याच्या टेबलावर ठेवले.
स्टेशनात येऊन फोन लावला. संध्याकाळचे साडेसात,
यल्मारचा नुकता डोळा लागला असणार.
तरी वाजू दिला.