डी-चार

एकशे ब्याण्णव थेंब,
काचेला उलटे लटकलेले,
प्रत्येकाखाली मिठाचं तळं, कडेला ग्रीस.
संत्र्याच्या बुंध्याला डिंक्या आणणाऱ्या बुरशीतलं हे प्रथिन,
दोन वर्षं झाली, सुधं बसत नाही.

कधी नुसता साका. कधी तेलासारखे टिपूस.
एकदा सुयांचा झुबका, सायाळ फुगावी तसा.
मग मांजरीच्या मिशीनं बीज पेरलं
(मिशी उईकेंच्या घरची;
आपोआप गळालेली, हे त्यांनी दोनदा सांगितलं),
तेव्हा कुठे डी-चारमध्ये एक धड स्फटिक आला.
धड म्हणजे दिसायला.
क्ष-किरणांत धरला तर मोजून चार ठिपके,
तेही ओल्या पाटीवरच्या खडूसारखे फरकटलेले.
पाणी फार आहे आत, सर म्हणाले.
रेणू जेमतेम कोपर टेकवून उभे,
पंगतीत ओळख नसलेले पाहुणे जसे.

मे महिना. अमरावती रोडवर डांबराला चपला चिकटत होत्या.
दुपारी दोनला लाईन गेली,
जनरेटर एकदा खोकला आणि बसला.
कूलरचा वाळा तासाभरात कडकडीत,
आणि आमची चार अंशांची थंड खोली
हळूहळू नागपूर होऊ लागली.

उईके ओल्या गोणपाटानं दार झाकत होते.
"मॅडम, थेंब गेले असतील न जी?"
गेले होते.
डी-चारचं ग्रीस एका बाजूनं सुटलेलं,
थेंब आक्रसलेला, वर साय.
स्फटिक होता, पहिल्यापेक्षा बारीक,
पोटावर एक चीर.

फेकणारच होते.
पण लाईन आली रात्री नऊला,
यंत्र रिकामं होतं,
आणि घरी तरी कुठे झोप लागणार होती.
श्वास रोखून फाशात उचलला,
नायट्रोजनच्या वाफेत धरला.

ठिपके.
पडद्याच्या कडेपर्यंत,
तिफणीनं टाकल्यासारखे रांगेनं.
मोजायला लागले, मग सोडून दिलं.
आतलं पाणी हटलं होतं,
रेणू बोटबोट सरकून
एकमेकांच्या खांद्याला लागले होते.

वहीत "पद्धत" या शब्दापुढे बराच वेळ पेन टेकवून बसले.
वेळ: सात तास, अंदाजे.
तापमान: माहीत नाही.
शेवटी लिहिलं, ऊन.

त्यानंतर मुद्दाम ग्रीस सोडवून
अकरा थेंब वाळवले.
अकराही तडकले.
उईके म्हणतात, ठरवून केलं का नाही होत जी.
मी चिमटा घेते,
बाराव्याची कड उचलते, केसभर.