निव्वळ वजन

रात्री दोनला व्हिवियननं विचारलं,
फ्रेमवर कोणतं नाव टाकू?
बारा डॉलर जास्त. कुठलंही टाकता येतं.
इटलीतलं हवं तर इटलीतलं.

मी जालन्यात, एमआयडीसीत, मिलच्या काट्यावर.
समोर भंगाराचा ट्रक, ड्रायव्हर झोपलेला,
भट्टीचा उजेड त्याच्या तळपायांवर.
तिकडं शियामेनात साडेचार वाजले असतील
आणि ही बाई (बाईच आहे कशावरून?)
माझ्या एका शब्दासाठी जागी.

आमच्या गावात लोखंडाला नाव असतं.
सळईच्या अंगावर हात-हातभर अंतरानं उठवलेलं,
कुणाचं लेकरू ते.
काहीच नको, मी लिहिलं.
नक्की?
नक्की.
तिनं एक पिवळा हसरा चेहरा पाठवला
आणि खाली: चकचकीत की मॅट?

चाळीस हजार. भिशीचे.
घरी मी बारा सांगितले.
सत्वशीला बियाण्याच्या कंपनीत उगवण मोजते,
शंभरातले किती वर आले, किती मातीतच राहिले.
बारा म्हणजे किती? एवढंच म्हणाली,
आणि भाकरी उलथली.

मग एकोणीस दिवस खोकं मुंबईत अडकलं.
निर्मात्याचं नाव, असा एक रकाना होता.
मी त्यात रेघ ओढली.
त्यांनी फोन करून विचारलं, रेघ म्हणजे काय?

आलं तेव्हा घुगे फोरमननं एका बोटावर उचललं.
ह्याच्यात माल हाय का नुसतं खोकंच आलंय?
मोटार रिकामी होती काट्याची, म्हणून
खोकं उघडून फ्रेम मधोमध ठेवली,
साठ टनांच्या लोखंडी पाटावर, काळी, हरणाच्या बरगडीएवढी.
काटा दहा किलोच्या खाली काही मानत नाही.
मी बटण दाबलं. पावती आली:
भरलेलं शून्य, रिकामं शून्य, निव्वळ शून्य.

मुंदड्यांच्या किराणात भरली नऊशे नव्वद ग्रॅम.
व्हिवियन नऊशे पन्नास म्हणाली होती.
तिचं खोटं चाळीस ग्रॅमचं.
माझं अठ्ठावीस हजारांचं.

सदर बाजारात इलियास मिस्त्रीनं
दोन रुपयाचं नाणं काढलं
आणि रांजण घेताना वाजवतात तशी
ती नळी नळी वाजवत गेला. टक. टक. टक.
मागच्या डाव्या काडीवर, चाकाच्या जरा वर,
थांबला. परत वाजवलं.
इथं बद्द बोलायली.
खडूनं बारीक गोल केला.

फुटंल का?
फुटायची तर फुटंल. नाहीतर तुझ्या-माझ्या मागं बी राहील.
लोखंड वाकून सांगतंय, बाबा.
हे सांगत नसतंय.

मग पेडलच्या भोकात मोबाईलची बॅटरी मारली.
आतून काही मॅट नाही, चकचकीत नाही,
नुसतं चुरगाळलेलं कापड, डिंकासारखं काही वाळलेलं,
आणि त्या डिंकात एक अंगठा.
पूर्ण. रेषा मोजता येतील असा.

आमच्या मिलमध्ये अजून चौघं
हजेरीला अंगठा देतात.
बघ की, इलियास म्हणाला, सही केलीय.

आता रोज सकाळी अंबड रोडला जातो.
उताराला पन्नासच्या वर गेलो
की डाव्या पोटरीमागं तो खडूचा गोल असल्यासारखा वाटतो,
पुसून महिना झाला तरी.
टपरीवर कुणीतरी विचारतंच, कोणत्या कंपनीची?
मी चहा फुंकतो.
घरी आल्यावर नाणं काढतो.
सत्वशीला आतून विचारते, काय म्हणायली?

एका रात्रपाळीला त्या अंगठ्याचा फोटो
व्हिवियनला पाठवला.
विचारलं, हा कुणाचा?
लगेच उत्तर:
माफ करा. माल सदोष आहे का?
पैसे परत हवेत का?

नको, लिहिलं. तसं नाही.
कसं, ते लिहीत होतो, खोडत होतो.
बाहेर हॉर्न वाजला.
एकोणीस टन, चारशे.