फोटोबरोबर

कोटिलिंगमगारूंच्या गालाला मी पहिल्यांदा डिंक लावला
तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते, करायचे होते सत्तरीचे.
वडपळनीचा स्टुडिओ. आवाज नको म्हणून पंखा बंद.
जस्ताची पांढरी पूड मी कानशिलांवर चोळत होतो
आणि ते आरशात बघून म्हणाले,
"नागूरय्या, बेतानं. घरी बायकोनं ओळखायला हवं."
हीरो त्यांच्याहून सहा वर्षांनी थोरला.
त्या दुपारी त्यानं ह्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, "नान्ना!"
त्यानंतर हे कुणासाठीच तरुण राहिले नाहीत.

त्याआधी तेनालीच्या नाटकमंडळीत ते अभिमन्यू होते.
पद्य लावलं की मागचा चहावाला किटली खाली ठेवायचा.
वन्समोअर आला की मेलेला अभिमन्यू उठायचा,
धोतर झटकायचा, पुन्हा गायचा, पुन्हा मरायचा.
सिनेमात मरण तुकड्यांत:
सकाळी हात, मग डोळे,
जेवणाच्या सुट्टीनंतर उरलेलं डोकं.
हे त्यांना कधीच पटलं नाही.

माझ्या वहीत सगळं आहे.
छातीवर हात ठेवून, एकशे बारा वेळा.
गोळी लागून, नऊ.
गोदावरीत एकदा, राजमहेंद्रीला, डिसेंबरात, सात टेक,
दर टेकला माझी दाढी वाहून जायची.
पाठवणी केलेल्या मुली मात्र मी मोजल्या नाहीत.
स्वतःच्या मुलीच्या लग्नाला, गुडिवाड्यात,
ते मुहूर्त टळल्यावर पोचले, गालावर डिंक तसाच.
कन्यादान मेहुण्यानं उरकलेलं.
जावई पाया पडला
आणि ह्यांच्या तोंडून कालचा संवाद निघाला, अख्खा.
पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.
मुलीनं नाही.

मग सगळं उठून हैदराबादला गेलं.
आम्ही दोघं फार उशिरा निघालो,
मद्रासची कॉफी आणि चार तमिळ शिव्या तेवढ्या बरोबर घेऊन.

परवा ते माझ्या कृष्णानगरच्या खोलीवर बसलेले, फोन आला.
कोवळा आवाज: "सर, बाबांचा रोल आहे.
तुम्ही यायची तसदी नको. फोटो पाठवा.
जरा तरुणपणचा असला तर बरं. हार आम्ही घालू."

दोन बस बदलून गेलो. फ्रेम टॉवेलात, टॉवेल काखेत.
गेटवरच्या पोरानं अडवलं, "कुणाबरोबर?"
"फोटोबरोबर," ते म्हणाले.

भिंतीवर चौतीस वर्षांचे कोटिलिंगम, प्लॅस्टिकचा हार.
समोर मुलगी. ग्लिसरीन होतं, रडू नव्हतं.
चौथ्या टेकला दिव्यांच्या मागून, अगदी हळू,
ते म्हणाले, "जेवलीस का गं?"
मुलगी वळली. आणि मग थांबेचना.
"कट! बोललं कोण?" साउंडवाला ओरडला.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.

फ्रेम परत मिळाली नाही. कंटिन्युइटी, म्हणाले,
शेवटच्या रिळापर्यंत भिंतीवर हवी.
बसमध्ये रिकाम्या टॉवेलाची घडी घालत ते म्हणाले,
"ह्या वेळी बरा मेलो रे. एका तुकड्यात."
युसुफगुडा आलं.
कंडक्टरनं त्यांच्याकडे दोनदा पाहिलं,
कपाळाला आठी घातली, आठवायचा प्रयत्न केला,
आणि तिकीट मागितलं.