दोन वेळा सेकंद

विनिपेग, जानेवारी. हॉस्पिटलच्या माथ्यावर,
लिफ्टच्या मोटारीशेजारी उलट्या बादलीवर बसून
लॉर्न पेट्रचुक जुनी वही उतरवतोय
नव्या फॉर्मवर.
फूट गेले, आता मीटर. वरून तसा कागद आलाय.

चार फूट, प्रति सेकंद, प्रति सेकंद.
गुणिले शून्य पूर्णांक तीन शून्य चार आठ.
पेन्सिलीचं टोक जिभेला लावत तो मांडतो:
एक पूर्णांक दोन एक नऊ दोन.
रकान्यात जागा एकाच दशांशाची.
एक पूर्णांक दोन.
उरलेलं तो समासात लिहितो, बारीक,
कुणाचे सुटे परत करायचे असल्यासारखं.

इंग्रिड, हाताखालची नवी पोरगी, विचारते,
"आणि सेकंद? त्यांचं काय करायचं?"
"त्यांना हात नाही लावायचा.
दोन्हीकडे तेच ते. दोन वेळा तेच ते."

मग चाचणी. दार मिटता मिटता
सपाता घातलेली एक बाई आत शिरते,
नको म्हणायचं राहूनच जातं.
डबा सुटतो.
बाई पोटावर हात ठेवते:
"दर वेळी माझं काहीतरी खालीच राहतं."

काटा चारवर थरथरतो. तबकडी अजून जुनीच.
लॉर्न वाचतो चार,
बोलतो एक पूर्णांक दोन,
इंग्रिड लिहून घेते.

नववा मजला.
बाई उंबऱ्यावर जरा थांबते,
मागून कुणी येत असावं तशी,
आणि मग निघते.