जे आधी घडेल ते

तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर,
जे आधी घडेल ते.
देवास नाक्याच्या शोरूममध्ये
माझ्याच हातून नारळ फोडून घेतला तेव्हा
ही ओळ पुस्तिकेत होती, पान सहा.
मी पेढा खाल्ला आणि किल्ली घेतली.

आधी घडलं ते एकोणिसाव्या दिवशी.
भेरूघाट चढताना, दुसऱ्या गिअरमध्ये,
गाडी एकदम गप्प झाली,
वाटणीचा विषय निघाला की नणंदबाई होतात तशी.
मागे कापसाचा ट्रक. त्याचा हॉर्न
माझ्या मणक्यात अजून आहे.

वर्कशॉपात मात्र ती शहाणी.
डॉक्टरांसमोर खोकला थांबतो ना,
तसलं पोर.
हर्षित, सर्व्हिस ॲडव्हायझर, गळ्यात टाय,
वय माझ्या नोकरीपेक्षा कमी,
म्हणाला, "नॉर्मल है आंटी,
आप क्लच पे पैर रखे रहती होंगी."
आणि जॉब कार्डावर लिहिलं:
कोई कमी नहीं मिली.

चौतीस वर्षं मी वीज मंडळाच्या रेकॉर्ड सेक्शनला होते.
पायाचं सांगत नाही,
पण माझा कागद कधी हरवलेला नाही.

त्या रात्री वही घातली.
तारीख, वार, किलोमीटर, चढ की सपाट,
एसी चालू की बंद, सोबत कोण.
बहुतेक पानांवर: सोबत कोणी नाही.
सात जॉब कार्डं टाचली.
चौथ्यापासून त्यांनी त्या वाक्याचा
रबरी शिक्काच करून घेतला होता.

भाचा म्हणाला, मामी, विकून टाक, न सांगता.
न सांगता?
म्हणजे घाटात दुसरी कोणीतरी.
त्याला चहा दिला नाही.

ग्राहक आयोगात फी दोनशे रुपये.
वकील लागतोच असं नाही, हे मला
बाहेरच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं.
कंपनीचं उत्तर आलं, बावीस पानी:
तक्रारदार वयस्कर असून
वाहन चालवण्याची त्यांची पद्धत सदोष आहे.
'सदोष' शब्द त्यांच्याकडे होता तर,
शिक्क्यात मावत नसावा.

आयोगाने तज्ज्ञ नेमले, जैसवाल सर,
पॉलिटेक्निकमधून निवृत्त, कानात केस, मोजकं बोलणं.
गाडी त्यांनी स्वतः हातात घेतली.
घाट उतरलो, चोरलला चहा प्यायलो,
परत चढलो, आणि ती चढली लोण्यासारखी.
मी खिडकीबाहेर पाहत राहिले.
इतकी लाज मला नापास झाल्यावर वाटली नव्हती.
वाटलं, खरंच माझा पाय असेल.
"एक बार और," सर म्हणाले.

तिसऱ्या वळणावर ती बंद पडली.
मागे हॉर्न, पुढे चढ,
आणि मी, अख्खी एकसष्ट वर्षांची, टाळी वाजवली.
सरांनी घड्याळ पाहिलं, मीटर पाहिला,
खिशातलं पेन झटकून लिहू लागले.
त्यांचा पाय क्लचवर नव्हता.
तेही त्यांनी लिहिलं.

आता तारीख आहे. मागच्या वेळी
समोरचे वकील आजारी होते, त्याआधी लग्नात.
गाडी अंगणात, ताडपत्रीखाली.
हप्ता पाच तारखेला कापला जातो,
तो मात्र कधी बंद पडत नाही.

एक नोंद आहे वहीत, जिची झेरॉक्स मी काढली नाही.
सातव्या वेळी हर्षित फाटकापर्यंत आला होता,
टाय खिशात कोंबलेला.
"ऐसी ग्यारह गाड़ियाँ आई हैं, आंटी.
मेरा नाम मत लीजिएगा. नई नौकरी है, घर पे छोटी बहन है."
तारीख घातली, वार घातला.
मग ते पान दुमडून
वहीच्या पाठीला चिकटवून टाकलं.

रेकॉर्ड सेक्शनमध्ये
असं मी कधीच केलं नव्हतं.
डिंक वाळेपर्यंत
वही मांडीवर धरून बसले.