बाकी दोन

केजेटियाच्या बाजारात
दोन-दोन किलो तांदूळ मागणारीकडे
दुकानदारीण मान वर करूनही बघत नाही.
बोटानं माप दाखवते, ओलोंका:
पत्र्याचा डबा, तळ आतून चेपलेला.
चेपलाय हे तिला ठाऊक, आपल्याला ठाऊक,
आणि पैसे त्या खळग्यासकट मोजायचे.

सेरवानं हिशेब मांडला तो या खळग्यावरून.
रात्री वीज गेलेली. मोबाइलच्या उजेडात
तिनं वहीत आकडे टाकले:
खोली एक, स्टोव्ह एक,
पिशव्या मात्र चार,
चार वेळा ट्रोट्रोचं भाडं,
चार वेळा तोच खळगा.
"आपण गरीब नाही गं," ती म्हणाली,
"आपण सुट्या आहोत."

मग पोतं आणलं. पन्नास किलो, आठशे सेडी.
डोक्यावरून वाहून आणणारी पोर उत्तरेची,
मेमुनाच्या गावापासून दोनच गावं पलीकडची निघाली.
त्या दोघी डागबानीत बोलत पुढे,
आम्ही तिघी मुक्यानं मागे.
दहा ठरले होते. मेमुनानं वीस दिले.
सेरवानं रात्री लिहिलं:
हमाली दहा.
भाषेपायी दहा.

चौघींत बारा-बारा किलो. बाकी दोन.
त्या दोन किलोंवरून अर्धा तास भांडण.
झिफाला वाटे, तिची मावशी येते कधीमधी, तिला होतील.
मेमुना म्हणे विकू. मी म्हटलं आज रात्रीच शिजवू, सगळे.
शेवटी ते दुधाच्या पावडरीच्या डब्यात गेले
आणि सेरवानं खडूनं डब्यावर लिहिलं:
कुणाचेच नाहीत.

ती माप भरायची ते सुरीच्या पाठीनं शीग काढून.
माझा हात उठायचा तो शिगेसकट.
"नोर्कोर, शीग!" ती पलंगावरून ओरडायची,
पाठ माझ्याकडे असतानाही.
कसं कळायचं कोण जाणे.
दाणे पडल्याच्या आवाजावरून असेल.

कांद्याचं पोतं घेतलं ती मात्र घोडचूक.
चाळीस वाचवले, साठांचे सडले,
आठवडाभर आमच्या शाळेच्या, दवाखान्याच्या कपड्यांना
तो वास. झिफा ज्या दवाखान्यात शिकते
तिथल्या एका म्हातारीनं तिला विचारलं म्हणे,
पोरी, तुझ्या घरी कुणी आजारी आहे का?

पाम तेलाचा कॅन, डाळबियांची गोणी,
टोमॅटोच्या डब्यांचं खोकं पलंगाखाली:
झोपताना पाय त्याला लागायचे
आणि बरं वाटायचं.
खरपुडी तेवढी हिशेबात नव्हती.
भांड्याच्या बुडाशी जिचा चमचा आधी, तिची.

ऑक्टोबरात सेरवाची नेमणूक आली,
बोल्गाटांगाची शाळा, एका दिवसाचा प्रवास.
पोत्यात तिचे सात किलो उरले होते.
"तांदूळ कुठे नेऊ एवढ्या लांब?"
सात सोळे एकशे बारा.
आमच्या तिघींत मिळून निघाले त्रेचाळीस,
महिन्याची सव्वीस तारीख.
तिनं ते घेतले नाहीत. वहीत मात्र लिहिलं,
तिच्या त्या सरळ, शीग काढलेल्या अक्षरात:
सेरवाला देणे ११२.
आणि कांद्याचं रिकामं पोतं मागून घेतलं,
बुटांसाठी.

एकशे बारा आम्ही डिसेंबरात पाठवले.
तिचं उत्तर आलं: मिळाले. इथे ओलोंका मोठा आहे,
तळ सपाट.
एवढंच.

आज तिघी गेलो. पोत्याचा भाव वाढलेला,
डोईमागे तर फारच.
तीच पोर डोक्यावर घेऊन आली, मेमुनानं पंचवीस दिले,
कुणी काही बोललं नाही, वहीही उघडली नाही लगेच.

जेवणानंतर झिफानं भागाकार केला.
तिघींत सोळा-सोळा. बाकी दोन.
"चुकलं असेल," मेमुना म्हणाली,
तिनं पुन्हा केला. मग मी बोटांवर.
चौघींतही दोन, तिघींतही दोन.

डबा मी मघाशीच घासून पालथा घातला होता,
वरचं अक्षर गेलं हे आता दिसलं.
तिघी खडू शोधतोय.
झिफा म्हणते, सेरवाच्या सामानात गेला असणार.