उलटा सातिया

बुधवारी खजराण्याला गर्दी फार, म्हणून गुरुवारी गेलो.
शाल्मलीला गर्दी झेपत नाही,
एकेक माणूस तिच्या डोळ्यांत दोनदा येतो.

गाभाऱ्यापुढं तिनं माझा पदर ओढला.
"आई, गणपती दोन आहेत. नमस्कार कुठल्याला?"
डावीकडच्याला, मी म्हटलं.
कुठून सुचलं, ठाऊक नाही.
तिनं डावीकडच्याला केला,
मग जरा थांबून उजवीकडच्यालाही,
त्याला वाईट वाटायला नको.

गाठ हा शब्द आमच्या घरात तोवर गोड होता.
पाडव्याला गळ्यात घातलेली साखरेची गाठी
ही मुलगी गुढी उतरायच्या आत अर्धी खायची.
शेजारच्या चौरसियाबाई वाढदिवसाला वर्षगाँठ म्हणतात.
मग एका दुपारी पडद्यावर
लहान मेंदूपाशी पांढरं काही दाखवत
डॉक्टरांनी तोच शब्द वापरला
आणि अच्युतनं विचारलं, "सुटेल ना?"
जणू परकराच्या नाडीची होती.

अच्युत देवाचा नाही फारसा.
विद्युत मंडळात बिलांच्या तक्रारी ऐकतो,
तक्रारींचं पुढं काय होतं ते त्याला माहीत आहे.
पण स्टेरॉइडच्या दिवसांत, रात्री तीनला,
पोरीचे गाल फुगलेले, भूक पेटलेली,
तो उठून पोहे भिजवायचा.
जीरावन चिमूटभर, शेव मूठभर,
डाळिंबाचे दाणे सात, कारण ती मोजायची.
एकवीस रात्री.
मी देवापुढं जप घेऊन बसलेली,
आणि कान सगळा मोहरीच्या तडतडीकडं.

"याचं पण डोकं कापलं होतं ना?"
तिनं प्रदक्षिणेत विचारलं.
हो.
"मग याची आई कुठं बसली होती?"
बाहेर. बाकावर असेल.
"तिला चहा दिला का कुणी?"

मला दिला होता.
सात तासांतला पाचवा तास चालू होता.
देवासहून नवऱ्याला घेऊन आलेली एक बाई,
तिनं थैलीतला चहा दोन कपांत ओतला,
एक माझ्याकडं सरकवला.
"पी लो, ठंडी हो जाएगी."
नाव विचारायचं राहिलं.
कुणी श्रद्धा म्हटलं की मला अजून
तो कागदी कप आठवतो, बोटांना पोळणारा.

देवळाच्या मागच्या भिंतीवर, देवाच्या पाठीशी,
लोक कुंकवानं उलटा सातिया काढतात.
इच्छा पुरी झाली की परत येऊन सुलटा.
कुणाचं लग्न, कुणाची नोकरी, कोर्टातली जमीन,
एकाच्या मागण्यावर दुसऱ्याचं मागणं.
ओजसनं बहिणीला दोन्ही खांद्यांना धरून उभं केलं,
तोल अजून डावीकडं जातो.
तिनं बोट बुडवलं, थरथरतच ओढलं.
सातिया झाला वाकडा, एक पाय लांब,
पण सुलटा.

"अगं, उलटा काढायचा!"
"मला दोन दिसतायत," ती म्हणाली.
"त्यातला एक उलटा आहे."

मी पुसायला हात उचलला.
अच्युत म्हणाला, राहू दे.
तो, ज्याला एका युनिटची चूक खपत नाही.

सोमवारी एमआरआय. मग तीन महिन्यांनी पुन्हा.
आमचं पंचांग आता असंच चालतं,
चतुर्थ्या मध्येमध्ये येऊन जातात.

परतताना रिक्षावाल्यानं आरशातून
तिचं लाल बोट पाहिलं.
"भिया, हो गया काम?"
अच्युतनं थोडा वेळ घेतला.
"चालू है, भिया," तो म्हणाला.
बंगाली चौकाच्या सिग्नलला
ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती,
टाक्यांची बाजू वर करून.